डेस्पॉट नायकाचं टपाल

॥ जय सेवालाल ॥

तांडा, जवळा बाजारजवळ,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
२८ ऑक्टोबर २०२५

चि. निता हीस,

बापाचा आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तू नांदेडला ठीक असशील असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून कळायला काही मार्ग नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दिवाळीचा दिवा पाठवला, त्याला दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. म्हणून शेवटी पत्र. सगळ्या तांड्याची पत्रं लिहिण्यात माझी उमर गेली, पण स्वतःच्या लेकीला लिहायची पाळी पहिल्यांदाच आली.

सोयाबीन निघालं. भिजलेलं निघालं, पण निघालं. कापूस वेचणीला आलाय. लाल गाय व्याली, कालवड झाली. तुझी याडी, तिकडं तू आई म्हणत असशील, गुडघा धरून बसते आणि दवाखान्यात चल म्हटलं की गुडघा लगेच बरा होतो.

आता मुद्द्याचं. तुझ्यापायी या दिवाळीत माझी जी शोभा झाली ती ऐक.

तीन वर्षांखाली बैठकीत तू सगळ्या तांड्यासमोर मला म्हणालीस, "बा, तुमी डेस्पॉट हाव." आपला कारभारी पुंजाजी, त्यानं विचारलं, "म्हंजी काय व्हय?" तू म्हणालीस, "नायकालाच विचारा, त्यांना समद्यांचं टपाल वाचता येतं." आणि पिशवी उचलून जी गेलीस ती गेलीसच. लोक माझ्या तोंडाकडे पाहून राहिले. आता सातवी पास माणसाला तो शब्द कुठून ठाऊक असणार? पण तांड्याच्या नायकानं येत नाही म्हणायचं तरी कसं? मी घसा खाकरला आणि सांगून टाकलं, "डेस्पॉट म्हंजी थोर पुढारी. पोरगी रागात हाय, पण बापाची किंमत जाणते." लोकांनी माना डोलावल्या.

पुंजाजी ते विसरला नाही. या दिवाळीला त्यानं जवळा बाजारच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. माझा पागोटं घातलेला फोटो आणि खाली हातभर अक्षरात : "आमचे मार्गदर्शक, डेस्पॉट किसनसिंग नायक यांजकडून दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा." चार दिवस स्टँडवर झळकत होता. मी मुद्दाम दोनदा चहाला जाऊन पाहून आलो, खोटं काहून बोलू.

पाचव्या दिवशी फहीम सर घरी आला. गादी-रजईच्या दुकानवाल्या चाँद पाशांचा पोरगा, तुझ्याबरोबर कॉलेजला होता तो. आता हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो. बिचारा चहा थंड होईस्तोवर कपच फिरवत बसला. मग म्हणाला, "नायकसाब, बुरा नक्को मानो. वो फ्लेक्स उतार लेव." काहून, म्हटलं. त्यानं मोबाईलमध्ये डिक्शनरी काढून समोर धरली. निरंकुश सत्ताधारी. जुलूम करणारा.

दिवेलागणीला मी स्वतः जाऊन तो फ्लेक्स काढला. गोठ्यावर टाकलाय, उलटा करून.

राग आलाच. पण फहीम उठता उठता असंही म्हणाला की हा शब्द मुळात असा नव्हता. जुन्या ग्रीक लोकांत त्याचा अर्थ नुसता घरधनी. घरातला कर्ता माणूस. आता बोल. घरधनी तर मी आहेच. म्हणजे शिवी दिली असं तुला वाटलं आणि तू गेलीस, पण नाव तर बराबर ठेवलंस. तेव्हा झालं गेलं विसरून तू घरी यावंस असं माझं म्हणणं आहे. बैठकीनं तुला नायकाची माफी मागायला सांगितली होती. ती नाही मागितली तरी चालेल. मी मोठ्या मनानं सोडून देतो.

तुझा बा,
नायक किसनसिंग

ता. क. वेळेवर जेवतेस का, असं याडी विचारून राहिली.

*

९ नोव्हेंबर २०२५

चि. निता,

तुझं उत्तर आलं नाही, पण याडीच्या फोनवर तुझा मेसेज आला. तिनं तो मला दाखवला. "बांना म्हणावं, शब्दाची पुढची गोष्ट पण फहीमला विचारा." एवढंच. तीन वर्षांनी लेकीचे आठ शब्द आले आणि तेही हुकूम सोडल्यासारखे. कुणावर गेलीस ते काही मला विचारू नको.

तर मी आज दुकानात गेलो. चाँद पाशा कापूस भरून गादीला टाके घालत होते, फहीम शाळेचे पेपर तपासत होता. मी म्हटलं, बाबा, त्या डेस्पॉटचं पुढं काय झालं ते सांग. तो आधी टाळत होता. मग त्यानं सांगितलं. ग्रीकांच्या घरात बायको-लेकरं असत, तसे विकत घेतलेले गुलामही असत. त्या गुलामांनी मालकाला जे म्हणायचं तो हा शब्द. पुढं राजांनी तोच मानानं मिरवला. आणि दोन-अडीचशे वर्षांखाली लोक राजांवर उलटले, तेव्हा त्याची शिवी झाली. फहीम म्हणाला, "मतलब नायकसाब, घर का मालक बाहर के लोगां को भी अपने घर का सामान समझने लगा, तब बात बिगडी."

चाँद पाशांनी सुई थांबवली. म्हणाले, "नहीं बेटा. घर के लोगां को सामान समझा ना, तभीच बिगड गई थी."

मला वाटतं ते माझ्याकडे पाहून बोलले नव्हते. पण सुई थांबवली होती.

फहीमनं अजून एक सांगितलं. हिंगोलीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना त्यानं फोन केला होता. त्या म्हणाल्या, या शब्दाचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. दंपती. फार जुन्या काळी दम म्हणजे घर आणि पती म्हणजे धनी, म्हणून दंपती म्हणजे घरधनी, एकटा असला तरी. पुढं आपल्या लोकांनी तो नवरा-बायको दोघांना मिळून लावला. लग्नाच्या पत्रिकेत हजार वेळा वाचलेला शब्द आणि मी कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

घरी आलो. याडी ओट्यावर कापसातला काडीकचरा निवडत होती. मोठ्या हौसेनं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजी घराला दोन धनी?"

"व्हय."

"मंग दुसरा कुठं हाय?" तिनं विचारलं, आणि परत काड्या निवडायला लागली.

निता, तिनं रागानं विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तुझ्या बापाला रागाची उत्तरं तोंडपाठ आहेत. पण कालवड कुठं बांधली असं विचारावं, तसं विचारलं तिनं. मी जेवलो आणि आता लिहायला बसलो.

तुला ठाऊक आहे, पण लिहितो. आपल्या घराच्या भिंतीतला तो कोनाडा पणजोबांच्या वेळचा. तांड्यात एकालाच वाचता येई, तो नायक. पोस्टमन सगळ्या तांड्याचं टपाल त्या कोनाड्यात ठेवी, नायक फोडी, वाची, आणि ज्याचं त्याला सांगे. कोण मेलं, कुणाला पोरगं झालं, कुणाला कोर्टाचं बोलावणं आलं. लोक हात जोडून ऐकायचे. माझ्या काळात पोरं शिकली, पण कोनाडा राहिला आणि फोडायची सवयही राहिली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तशी गत. त्यात कुणाचं काही हिरावून घेतो आहोत असं मनातही यायचं नाही.

तीन वर्षांखाली तुझं स्पीड पोस्टाचं पाकीट आलं ते मी सही करून घेतलं आणि सवयीनं फोडलं. नाशिककडच्या एका आश्रमशाळेत तू इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवडली गेली होतीस. पंधरा दिवसांत मूळ पत्र घेऊन रुजू व्हायचं होतं. आधी आनंद झाला, देवाशपथ झाला. मग खाली तुझ्या अर्जाची झेरॉक्स दिसली. पालक या रकान्यात याडीचं नाव, आणि पुढं सही. रुख्मिणी. वाकडी, पण अक्षरं पुरी.

पस्तीस वर्षं मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवत आलो. तिला सही येते हे मला त्या झेरॉक्सवरून कळलं. तू तिला कधी शिकवलंस, कुठं बसून शिकवलंस, मी तेव्हा कुठं होतो? माझ्याच घरात दोघी जणी अर्ज भरतात, सह्या करतात आणि नायकाला पत्ता नाही. मी ठरवलं, पाकीट ठेवून द्यायचं. बघू कोण मला विचारायला येतं. कुणी आलं नाही. असे अकरा दिवस गेले, तेव्हा पोस्टमनकडून तुला कळलं आणि गोष्ट बैठकीत गेली. घरात मालक कोण ते मला दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. बैठकीत मी गडबडीचं, सोयाबीनच्या मळणीचं कारण सांगितलं, ते खोटं होतं.

आज एवढंच लिहवतं.

किसनसिंग

*

३० नोव्हेंबर २०२५

निता,

आठ दिवसांखाली पोस्टमन आला. खूप महिन्यांनी कोनाड्यात काही पडलं. स्पीड पोस्ट, पुंजाजीची नात पुजा, तिच्या नावाचं. पोरीनं नर्सिंगला अर्ज केला आहे हे तांड्यात सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही.

मी पाकीट हातात घेतलं आणि माझं बोट आपोआप कडेला गेलं. फोडायचं नव्हतं, तरी गेलं. याडी दारात उभी होती. पुजा औंढ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला गेली होती. संध्याकाळी येणारच होती, पण संध्याकाळपर्यंत मी माझ्यावर भरवसा ठेवला नाही. पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं, एसटीनं औंढ्याला गेलो आणि क्लासच्या पायरीवर तिच्या हातात दिलं.

पोरीनं काय केलं सांगू? वर नाव कुणाचं, आलं कुठून, काही पाहिलं नाही. आधी पाकीट उलटं केलं आणि चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. सगळी कड तपासली. मग माझ्याकडे पाहिलं. "नायकबा, तुमी फोडलं न्हाई?"

तिला खरंच नवल वाटलं होतं. मी पायरीवर बसलो. तिला वाटलं मला चक्कर आली, पाणी घेऊन आली बिचारी. मग तिच्याकडून कळलं. तू गेलीस तेव्हापासून तांड्यातल्या एकाही पोरीचं टपाल माझ्या घरी येत नाही. सगळ्या जणी पत्त्यावर चाँद पाशांचं दुकान लिहितात. पुजानं अर्जावर आधार कार्डावरचा पत्ता टाकला म्हणून हे एक चुकून आलं. मी मात्र तीन वर्षं लोकांना सांगत फिरलो की मोबाईल आल्यापासून टपाल कमी झालं.

येताना दुकानात उतरलो. चाँद पाशांनी पत्र्याचा डबा पुढं ठेवला. आत पाच पाकिटं, पाचही बंद. म्हटलं, तुमी मला काहून सांगितलं न्हाई? ते म्हणाले, "तुमने पूछा कब?" त्या दिवशी तुझ्या याडीनं विचारलं तसंच, जरा पण आवाज न चढवता. माझ्यावर ओरडायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं आहे, निता. ते मला वळसा घालून जाऊन राहिले, आणि मी त्याला मान समजत होतो.

आता जे तीन वर्षं तोंडातून निघालं नाही ते लिहितो.

बैठकीच्या दिवशी तू म्हणालीस, "पाकीट द्या, मी आजच्या आज निघते." मी सगळ्यांसमोर सांगितलं की मळणीच्या गडबडीत ते चुकून चुलीत गेलं. ते चुलीत गेलं नव्हतं. ते लोखंडी पेटीत होतं, आजोबांच्या पागोट्याखाली. आणि तो अकरावा दिवस होता. मुदत पंधरा दिवसांची. चार दिवस राहिले होते. मला पाढे येतात, मी ते बैठकीत बसल्या बसल्या मोजले होते. त्या संस्थेनं मूळ पत्राशिवाय घेत नाही म्हणून तुला फोनवर सांगितलं, ते मी तिथंच बैठकीत बसून ऐकलं. त्याच रात्री तुझी याडी चुलीतली राख चाळणीनं चाळत बसली होती, एखादा तुकडा तरी सापडेल म्हणून. तेही मी पाहिलं आणि कूस बदलून झोपलो.

तेव्हा काढून दिलं असतं तर मी खोटा ठरलो असतो. नायक खोटा ठरू नये म्हणून लेकीची नोकरी घालवली. माझ्याकडे याला दुसरं नाव नाही. तू ठेवलेलं आहे तेच बराबर आहे.

अजून एक. आपल्या तांड्याचा रिवाज तुला कुणी सांगितला नसेल, कारण तो सांगणं माझंच काम होतं. नायकाच्या घरचं भांडण बैठकीत आलं की नायकानं पागोटं काढून घोंगडीवर ठेवायचं, उठायचं, आणि जिथं बाकीचे आरोपी उभे राहतात तिथं जाऊन उभं राहायचं. शेजारच्या तांड्याचा नायक, म्हणजे आता सेवा नायक, येऊन बसतो. आजोबांच्या बैलानं दुसऱ्याची ज्वारी खाल्ली होती, तेव्हा ते असेच उठले होते. बैलासाठी उठले. मी लेकीसाठी उठलो नाही. पुंजाजी हळूच म्हणाला होता, "नायक, सेवा नायकाला निरोप धाडू का?" मी म्हटलं, घरची गोष्ट हाय, घरातच मिटवू. आणि तिथंच बसून माझा निवाडा मीच केला, वर तुला माफी मागायला लावली.

परवा मी सेवा नायकांकडे जाऊन आलो. वय झालंय त्यांचं, ऐकायला कमी येतं. सगळं दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. रविवारी, १४ डिसेंबरला ते आपल्या तांड्यावर येऊन बसतो म्हणाले. पागोटं मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. उघड्या डोक्यानं तांड्यात शिरलो तर कुत्रीसुद्धा भुंकली.

पण त्यांनी एक अट घातली. "फिर्यादी नसंल तं बैठक न्हाई. आरोपीनं सोताच फिर्याद करायची आन् सोताच रडायचं, आसं व्हत नस्ते." खरं आहे त्यांचं. म्हणून हे पत्र. फिर्यादी तू आहेस. तू आली नाहीस तर मागचा खोटा निवाडा तसाच राहतो, पागोटं परत येतं आणि मी मरेस्तोवर नायक राहतो. त्या शिक्षेहून दुसरी कुठलीही मला चालेल.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते तिथं उभं राहून म्हणायचं आहे, आणि तू मान हलवलीच पाहिजे असं नाही. निवाडा काहीही लागो. नंतर तू त्याच पावली नांदेडला गेलीस तरी स्टँडपर्यंत तुझी पिशवी धरीन, बोलणार नाही. दोन तासांचा रस्ता आहे. मला तो तीन वर्षांत जमला नाही, म्हणून तुला बोलावतो आहे.

पुंजाजीला त्या शब्दाचा खरा अर्थ अजून सांगितलेला नाही. मी सांगितला तर त्यात काहीतरी माझ्या सोयीचं मिसळेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तो तू सांग, सगळ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घरधन्यापासून सुरू कर.

सोबत तुझं पाकीट पाठवतो. फोडलेलं आहे, पण आतलं सगळं जसंच्या तसं आहे. आता ते काही कामाचं नाही. तरी नाव तुझं आहे त्यावर.

हे पत्र बंद करायच्या आधी मी तुझ्या याडीच्या हातात देतो आहे. तिनं वाचावं आणि तिला लिहायचं असेल ते खाली लिहावं. खाली मुद्दाम जागा सोडली आहे.

किसनसिंग

*

निता

समदं वाचलं. दोन घंटे लागले. काई अक्षरं लागत नव्हती पन त्येंना विचारलं न्हाई.

चार दिवस राहिले व्हते हे मला बी आजच कळलं. मी राख चाळली व्हती.

ते ओट्यावर बसून हायेत. जेवले न्हाई. मी भाकर झाकून ठेवली त्येंच्यासाठी. पन वाढून दिली न्हाई.

तू ये. आली न्हाई तरी बैठक व्हईल. पाकीट तुहं व्हतं पन त्यात सही माही व्हती. मी बी फिर्यादी हाव. सेवा नायकाला मी सोता सांगून येते उद्या.

तुही याडी
रुख्मिणी